खालची हवा

लांबलचक मालिकेतल्या सगळ्या भागांचे नशीब सारखे नसते. काहींची पारायणे होतात, काही एकदा दाखवले जातात आणि पुढे कुणी त्यांचे नावही काढत नाही. 'स्टार ट्रेक' ही अमेरिकन विज्ञानमालिका याला अपवाद नाही. सप्टेंबर 1966 मध्ये सुरू झालेली मूळ मालिका तीन हंगाम आणि 79 भाग चालून जून 1969 मध्ये थांबली. पुढे त्याच नावाने नव्या मालिका आल्या, चित्रपट आले आणि तो पसारा अजून वाढतोच आहे. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात दूरदर्शनने ती रविवारी सकाळी दाखवली. टोकदार कानांचा स्पॉक आणि एंटरप्राइझ हे अवकाशयान त्या वेळच्या मुलांना आजही आठवते. पण तिसऱ्या हंगामातला एकविसावा भाग आठवतो का, असे विचारले तर या मालिकेचे चाहतेही जरा थांबतात.

त्या भागाचे नाव 'द क्लाउड माइंडर्स'. 28 फेब्रुवारी 1969 रोजी तो पहिल्यांदा दाखवला गेला. तोवर मालिकेला उतरती कळा लागली होती. खर्चाला कात्री लागली होती आणि वेळ मिळाली होती शुक्रवारी रात्री दहाची, म्हणजे ज्या तरुणांसाठी मालिका होती ते घराबाहेर असण्याची. तिसऱ्या हंगामातले बरेच भाग कच्चे राहिले, अशी सर्वसाधारण समजूत आहे आणि ती खोटीही नाही. त्या ढिगात हा भागही गेला. अलीकडे तो पुन्हा पाहण्यात आला, बीड जिल्ह्यात बसून पाहण्यात आला, म्हणून हे चार विचार.

गोष्ट अशी आहे. अर्डाना नावाच्या ग्रहावर स्ट्रॅटॉस हे शहर ढगांच्या उंचीवर अधांतरी तरंगते. तिथे चित्रे आहेत, शिल्पे आहेत, तलम कपडे आहेत, विद्वानांच्या गप्पा आहेत. आमच्या शहरातून हिंसा कायमची गेली, असे तिथले लोक अभिमानाने सांगतात. खाली उजाड खडकांत ट्रॉग्लाइट नावाचे लोक झेनाइट हे खनिज खणतात. दुसऱ्या एका ग्रहावर वनस्पतींवर रोग पडला आहे आणि तो आवरायला झेनाइटच लागते. ते न्यायला एंटरप्राइझचा कॅप्टन कर्क आणि स्पॉक येतात. खनिज तयार असायला हवे होते, पण खाणीतल्या बंडखोरांनी ते दडवून ठेवले आहे.

शहराचा प्रमुख प्लॅसस हा सुसंस्कृत गृहस्थ आहे. पाहुण्यांची बडदास्त ठेवतो, कलेवर बोलतो. त्याची मुलगी ड्रॉक्सीन तर मनाने खरोखर चांगली आहे. खणणे आणि माती कसणे ही खालच्या लोकांची कामे, ती इथे वर कशी होतील, हे ती अगदी निरागसपणे सांगते. तिच्या बोलण्यात तुच्छता नाही. पाऊस वरून खाली पडतो हे सांगावे, तसे ती सांगते. पकडलेला एक बंडखोर चौकशीला सामोरे जाण्याऐवजी सज्जातून खाली उडी टाकतो. बंडखोरांची पुढारी व्हॅना पूर्वी याच घरात नोकर होती. तिला पकडल्यावर प्लॅसस यातना देणाऱ्या किरणांखाली उभी करतो. हिंसा हद्दपार झालेल्या शहरात या कामासाठी वेगळे यंत्र आहे आणि त्यात कुणाला विसंगती वाटत नाही.

मग जहाजावरचे डॉक्टर मॅकॉय एक शोध लावतात. कच्च्या झेनाइटमधून एक वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. तो माणसाची बुद्धी मंद करतो आणि राग भडकवतो. ट्रॉग्लाइट मुळात कमी बुद्धीचे नाहीत, दोन्हीकडचे लोक एकाच वंशाचे आहेत. फरक आहे तो रोज छातीत भरल्या जाणाऱ्या हवेचा. उपायही हाताशी आहे : वायू गाळणारा मुखवटा.

प्लॅससला हे पटत नाही. व्हॅनालाही पटत नाही. पिढ्यान्‌पिढ्या फसवले गेलेल्या माणसाला वरून आलेली मदत हा नवा सापळा वाटतो, यात नवल ते काय? शेवटी कर्क खाणीचे तोंड बंद करतो, प्लॅससला यानाच्या यंत्रणेने थेट आत आणवतो आणि त्याला हातांनी खणायला लावतो. थोड्याच वेळात तो सुसंस्कृत गृहस्थ खाणीतले हत्यार उचलून कर्कच्या अंगावर धावतो. कर्कही चवताळतो. दोघे एकमेकांच्या जिवावर उठलेले पाहून व्हॅनाला पटते, की दोष आपल्या रक्तात नाही, हवेत आहे. तीच यानाला हाक देऊन सगळ्यांना सोडवते. पुढे मुखवट्यांच्या बदल्यात खनिज मिळते आणि एंटरप्राइझ आपल्या वाटेने जाते.

पहिल्यांदा पाहताना डोळे ढगांवर खिळतात. दुसऱ्यांदा पाहताना खाण दिसू लागते. बीडच्या माणसाला तर ती ओळखीचीच वाटते.

दसरा-दिवाळी झाली की बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातली गावे रिकामी होऊ लागतात. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर, आष्टी, गेवराई, परळी, कुठलाही तालुका घ्या. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर भांडी, पांघरुणे, शेळ्या, कोंबड्या आणि त्यांच्या मधोमध मुले. कुणी कोल्हापूर-सांगलीकडे, कुणी सोलापूर-साताऱ्याकडे, कुणी सीमेपलीकडे बेळगावकडे. मुकादमाकडून पावसाळ्यातच उचल घेतलेली असते. ती लग्नात, दवाखान्यात, बियाण्यात खर्च झालेली असते. आता पाच-सहा महिने ऊस तोडून ती फेडायची. हिशोब जोडप्याचा असतो : नवरा-बायको मिळून एक कोयता. राहायला कारखान्याच्या माळावर नाहीतर शिवारात कोपी. पहाटेच्या काळोखात फडात उतरायचे, तोडायचे, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवायच्या. गाडी रात्री दोनला आली तर रात्री दोनला भरायची. खाडा झाला तर दंड. हंगाम संपला आणि उचल फिटली नाही, तर बाकी पुढच्या वर्षाच्या नावावर.

त्या उसाची साखर होते आणि ती आपल्या चहात येते. पुण्या-मुंबईच्या चहात येते, तशी बीडच्या सुभाष रोडवरच्या चहातही येते. त्यामुळे ढगांवरचे शहर म्हणजे कुठले तरी दूरचे पश्चिम महाराष्ट्रातले शहर, असे म्हणून बीडकरांना सुटता येत नाही. मुकादम बहुधा आपल्याच गावचा असतो. पगाराची नोकरी, पक्के घर आणि मुलांची इंग्रजी शाळा असलेले आपण सगळे, वाडी-वस्तीवरून पाहिले तर ढगांवरच आहोत. ड्रॉक्सीन जे सांगते ते आपल्या बोलण्यातही सहज येते. "त्यांना सवय असते हो." "त्यांची पोरं शाळेत रमतच नाहीत." "कितीही द्या, त्यांच्याकडे पैसा टिकत नाही." बोलणाऱ्याच्या मनात द्वेष नसतो. पाहिलेले तेच तो सांगतो. पाहिलेले खरे असते, काढलेला अर्थ मात्र उलटा असतो.

त्या पोराचे वर्ष कसे जाते, ते पाहा. जूनमध्ये शाळा सुरू होते. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो आई-बापाबरोबर फडावर जातो. तिथे धाकट्या भावंडाला सांभाळतो, वाढे गोळा करतो, पाणी आणतो. परततो तेव्हा उन्हाळा लागलेला असतो आणि वर्गातली मुले अर्धे पुस्तक पुढे गेलेली असतात. सलग चार वर्षे असे झाले की त्याला वाचता येत नाही, आणि मग वर्गात शिक्का बसतो : हा ढच आहे. परिणामाला स्वभाव म्हटले की कारण शोधायची गरज उरत नाही. 'द क्लाउड माइंडर्स' इथे नेमके बोट ठेवतो. ट्रॉग्लाइटांची बुद्धी मोजली तर ती कमीच भरते, मोजणी खोटी नसते. पण मोजणाऱ्याने मोजताना त्यांच्या भोवतालची हवा मोजलेली नसते.

मात्र या भागाचा दुबळेपणाही बीडमधूनच जास्त स्पष्ट दिसतो. मूळ कल्पना डेव्हिड जेरॉल्ड या लेखकाची. ट्रिबल नावाच्या केसाळ गोळ्यांचा, प्रेक्षकांचा लाडका भाग लिहिणारे तेच. या कल्पनेची पटकथा शेवटी मार्गारेट आर्मेन यांनी लिहिली आणि वाटेत गोष्ट बरीच बदलली. जेरॉल्ड यांनी 1973 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द वर्ल्ड ऑफ स्टार ट्रेक' या पुस्तकात त्या बदलाबद्दल उघड नाराजी नोंदवली. त्यांच्या मूळ गोष्टीत दोन्ही बाजू कशाबशा बोलायला बसतात. निदान बोलणी सुरू झाली, असे समाधान कर्क मानू पाहतो. तेव्हा मॅकॉय विचारतात, की ती पुरी होईपर्यंत किती मुले मरतील? पडद्यावर आला तो मात्र वायू आणि मुखवटा.

वायूची सोय अशी, की त्यात कुणीच दोषी ठरत नाही. तो दिसत नाही, त्याला वास नाही, तो कुणी सोडलेला नाही. वरच्यांना माहीत नव्हते, खालच्यांना कळत नव्हते, शोध लागला आणि प्रश्न मिटला. उचल असा वायू नव्हे. ती कुणीतरी वहीत लिहितो, कुणीतरी अंगठा उमटवतो. दर टनाला किती मिळावे हे कारखान्यांचे प्रतिनिधी आणि कामगारांचे पुढारी बसून ठरवतात. जानेवारी 2024 मध्ये झालेल्या करारात तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली. म्हणजे दर वाढवता येत होता. ज्या वर्षांत तो वाढला नाही, त्या वर्षांत तो कुणाच्या तरी निर्णयाने वाढला नव्हता. आणि ऊसतोड्याची बुद्धी मंद होते, हे तर साफ खोटे. मोळी हातात घेतली की वजनाचा अंदाज सांगणारी, दिवसभराच्या खेपांवरून टनांचा हिशोब तोंडी करणारी माणसे ती. त्यांना हिशोब येत नाही असे नाही. हिशोबाची वही त्यांच्या हातात नाही.

मुखवट्याचा प्रश्न याहून खोल जातो. मुखवटा घातला की ट्रॉग्लाइटाचे डोके ठिकाणावर राहील, आणि तो आणखी चांगले खणेल. खाण तिथेच राहील, शहर तिथेच राहील, मधले अंतर तेवढेच राहील. उपाय माणसावर झाला, कामावर झाला नाही.

याचे सगळ्यात कठोर उदाहरण आपल्याच जिल्ह्यात घडले आणि 2019 मध्ये ते देशभर गाजले. बीडच्या ऊसतोड महिलांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण चिंता वाटावी इतके असल्याचे समोर आले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. पाहणी झालेल्या 82,309 महिलांपैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे साधारण दर सहा जणींमागे एक. गावात याला 'पिशवीचं ऑपरेशन' म्हणतात. फडावर आडोसा नाही, पुरेसे पाणी नाही, मोळी उचलणे सुटत नाही. मग पोटाचे दुखणे अंगावर काढायचे, खाड्याचा दंड भरायचा, आणि दवाखान्यात गेल्यावर कर्करोगाची भीती ऐकायची. त्यापेक्षा एकदाची पिशवीच काढलेली बरी, असा सल्ला मिळायचा आणि तो पटायचाही. काम बाईच्या शरीराला झेपत नव्हते, म्हणून शरीर कापून कामाच्या मापात बसवले. पुढे बीडमध्ये अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली, हे चांगलेच झाले. पण फडावर शौचालय आले का, पाणी आले का, दुखणाऱ्या दिवशी दंडाशिवाय विश्रांती मिळाली का, हे प्रश्न परवानगीच्या कागदावर नसतात.

इथे मुखवट्यांची थट्टा करायची नाही. साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहे निघाली. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आले, संत भगवानबाबांच्या नावाने मुलामुलींसाठी शासकीय वसतिगृहांची योजना आली. वसतिगृहात राहून दहावी झालेल्या मुलीला तिच्या आईचे आयुष्य पुन्हा जगावे लागेलच असे नाही, आणि त्या एका मुलीपुरती ती योजना पूर्ण यशस्वी आहे. मुखवटा मिळाला तर घ्यावाच, कारण हवा आजची आजच आत घ्यावी लागते. फक्त तो देणाऱ्याने 'आता प्रश्न सुटला' असे म्हणू नये. प्रत्येक योजनेला एक साधी कसोटी लावता येते : या उपायाने माणूस कामाच्या मापाचा होतो आहे, की काम माणसाच्या मापाचे?

एवढी उणीव असूनही हा भाग विसरण्यासारखा का नाही? प्लॅससच्या त्या खणण्यामुळे. साऱ्या भागात प्लॅससला कमी समजावलेले नाही. वैद्यकीय पुरावा सांगितला, तर्क सांगितला, माणुसकी सांगितली. तो हुशार आहे, त्याला मुद्दा कळत नव्हता असे नाही. पण कळण्याची गरज त्याला भासत नव्हती. खाणीत तास-दोन तास तीच हवा घेतल्यावर त्याच्या सुसंस्कृतपणाचे टरफल गळून पडते. तेव्हा हेही उघड होते, की संस्कृती म्हणून तो जे मिरवत होता त्यातला मोठा हिस्सा चांगल्या हवेचा होता. आपल्या शांत स्वभावाचे, टापटिपीचे, मुलांच्या गुणांचे श्रेय आपण स्वतःला देतो. त्यातले किती आपले आणि किती आपल्या वाट्याला आलेल्या सावलीचे, पाण्याचे आणि झोपेचे? प्लॅसस खाणीतून वर आल्यावरही बदलत नाही. उलट कर्कविरुद्ध तक्रार करण्याची धमकी देतो. पटकथाकारांनी तेवढा खरेपणा राखला, हे त्यांचे श्रेय. एका दिवसाच्या अनुभवाने माणसे पालटत नाहीत. खाली जाऊन पाहावे असे शेवटी वाटते ते ड्रॉक्सीनला, आणि तिला कुणी बळजबरी केलेली नसते.

तिसऱ्या हंगामातला म्हणून हा भाग आपण बाजूला सारला, तसे जिल्हेही सारले जातात. बीड म्हटले की मागास, दुष्काळी, भांडखोर असा शिक्का तयार असतो. राज्याच्या यादीत तळाशी असलेल्या जिल्ह्याकडे, जिल्ह्याच्या यादीत तळाशी असलेल्या तालुक्याकडे, तालुक्यातल्या तांड्याकडे आणि वर्गातल्या शेवटच्या बाकाकडे पाहण्याची नजर एकच असते. शिक्का वाचला की पुढचे पाहायची तसदी कुणी घेत नाही. दुसऱ्यांदा पाहण्याचा उपयोग नेमका इथे होतो. जे पहिल्यांदा 'असेच असते' म्हणून सोडले, ते 'असे का आहे' म्हणून पुन्हा समोर येते.

उन्हाळ्यात ट्रॉल्या परततील. शाळेत काही मुले मागे पडलेली दिसतील. दवाखान्याच्या रांगेत काही बाया हात पोटाशी धरून बसलेल्या दिसतील. बँकेच्या खिडकीवर कुणीतरी अर्ज भरून द्या म्हणून विनवील आणि मागच्याला उशीर झाल्याचा राग येईल. अशा वेळी 'ही माणसे अशीच' हे वाक्य ओठांवर आले, तर ते गिळा आणि एकच प्रश्न विचारा : गेले सहा महिने तुम्ही कुठे होता, आणि तिथे काय काय नव्हते? उत्तर ऐकायला पाच मिनिटे लागतात. शिक्षक असाल तर त्या मुलाला जादा तास द्या. डॉक्टर असाल तर औषधाआधी पाण्याची आणि विश्रांतीची चौकशी करा. आणि हातात काहीच अधिकार नसेल, तर निदान पुढच्या करारात टनाचा दर काय ठरतो आणि फडावर शौचालय बांधून द्यायचे कुणी, हे विचारणाऱ्यांत आपला आवाज मिळवा.